रोशा : वऱ्हाडातील एका गवताचा नामेतिहास

वऱ्हाडचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काळी माती आणि पांढरा कापूस उभा राहतो. पऱ्हाटीची शेते, कापसाने भरलेल्या गाड्या, सरकीचे ढीग, जिनिंगची धुराडी आणि त्यामागोमाग येणारा सावकार, दुष्काळ, कर्ज. वऱ्हाडाविषयी लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी मिळून हे चित्र इतके पक्के केले आहे की त्याबाहेर काही असेल असे सहसा मनात येत नाही. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. जुन्या विभागणीनुसार वऱ्हाडाचे तीन भाग : पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट पयानघाट, दक्षिणेचा उंचवट्याचा बालाघाट आणि उत्तरेचा डोंगराळ मेळघाट. कापसाचे चित्र मुख्यतः पयानघाटाचे आहे. उरलेल्या दोन घाटांवर, आणि पयानघाटातल्याही बरड जमिनींवर, शतकानुशतके जे पीक न पेरता येत होते ते गवताचे. कुसळी, शेडा, मारवेल, कुंदा, हराळी ही त्यांतली काही नावे. ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर गाविलगड उभा आहे त्या किल्ल्याचे नावच गवळ्यांवरून आले असे सांगतात; आणि गवळी जेथे होते तेथे गवत होते, हे वेगळे सांगावयास नको.

या गवतांपैकी एकाचा इतिहास प्रस्तुत लेखात आम्ही मांडणार आहोत. ते गवत म्हणजे रोशा. काही ठिकाणी त्याला तिखाडी म्हणतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेकडील उतारांवर, सागाच्या विरळ रानात, ते आजही आढळते. एके काळी त्याच्यापासून काढलेले तेल थेट तुर्कांच्या राजधानीपर्यंत जात होते. परंतु आमचा रोख केवळ या व्यापारावर नाही. या गवताचा इतिहास तपासू लागले की तो बहुतांशी त्याच्या नावांचा इतिहास आहे असे ध्यानात येते. कोशकारांनी, व्यापाऱ्यांनी, वनस्पतिशास्त्रज्ञांनी, रसायनशास्त्रज्ञांनी आणि सरतेशेवटी महसूल खात्याने त्याला नावे दिली. आणि यांतील बहुतेक नावांनी ते आपल्या जमिनीपासून थोडे थोडे दूर नेले. म्हणूनच हा विषय वनस्पतिशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे, असे आम्हांस वाटते.

गवत आणि त्याची ओळख

रोशा हे बहुवर्षायू गवत आहे. त्याचे थोंब असते, आणि पावसाळा संपता संपता ते पुरुषभर किंवा त्याहूनही उंच जाते. पानाचा तळ रुंद असून तो ताटाला मिठी मारतो. तुरा पिकू लागला की त्यावर तांबूस छटा येते. पान चुरगळले की गुलाबाची आठवण देणारा, पण किंचित तिखट वास हाताला लागतो. 'तिखाडी' या नावात तो तिखटपणा ऐकू येतो.

उथळ, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या उतारावर हे गवत टिकते, याला कारणे आहेत. त्याची तंतुमुळे जमिनीत दाट पसरून मिळेल तेवढी ओल धरतात. उष्ण आणि कोरड्या हवेतील अनेक गवतांप्रमाणे त्याची पानेही थोड्या पाण्यात अधिक अन्न तयार करणाऱ्या जातीची आहेत. उन्हाळ्यात वरचे ताट वाळून जाते, कधी वणव्यात जळते, पण जमिनीलगतचा गड्डा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. शिवाय कोवळेपणी जनावरे त्याला तोंड लावीत असली तरी तेल भरू लागल्यावर ती सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. ज्या माळावर इतर गोड गवते चरून संपतात तेथे रोशा शिल्लक राहतो, याचे इंगित हे आहे.

त्यातही दोन प्रकार आहेत आणि त्यांची नावे गवत कापणाऱ्या आणि भट्टी लावणाऱ्या लोकांनी दिलेली आहेत : मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर सुट्या थोंबांनी वाढतो. त्याची पाने ताटाशी जवळजवळ काटकोन करतात. त्याचे तेल उंची. सोफिया सखल, ओल धरणाऱ्या जागी दाट माजतो. त्याची पाने ताटाशी लघुकोन करतात. त्याचे तेल हलके. वाळलेल्या नमुन्यावरून हे दोन्ही प्रकार वेगळे ओळखणे वनस्पतिशास्त्रज्ञांनाही जड जाते. मात्र भट्टीवाल्याचा सारा नफा-तोटा या ओळखीवरच अवलंबून होता, आणि त्याला ती होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्किल यांनी या दोन प्रकारांची शास्त्रीय नोंद केली तेव्हा त्यांनी नवी नावे घडवली नाहीत. 'मोतिया' आणि 'सोफिया' हीच नावे उचलली. या गवताच्या सगळ्या नामेतिहासात स्थानिकांचा शब्द जसाच्या तसा शास्त्रात गेला, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे.

कोशातला विरोध

'रोशा' हा शब्द 'रोहिष' या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. अमरकोशात कत्तृण या गवताचे पर्याय म्हणून पौर, सौगंधिक, ध्याम, देवजग्धक आणि रौहिष ही नावे एकत्र येतात. यांतील पहिल्याच शब्दापाशी थांबावेसे वाटते. 'कत्तृण' म्हणजे कु + तृण. शब्दशः पाहिले तर वाईट, टाकाऊ गवत. आणि त्याचाच पर्याय 'सौगंधिक', म्हणजे सुवास असलेले. त्याच्याच शेजारी 'देवजग्धक', म्हणजे देवांनी भक्षण केलेले. निंदा आणि स्तुती एकाच ओळीत शेजारी बसल्या आहेत.

पाणिनीने याची आधीच दखल घेतली होती. 'कु' चे 'कत्' असे रूप तृण शब्दापूर्वी केव्हा होते, तर जेव्हा तो एका जातीचा वाचक असेल तेव्हा, असे सांगणारे स्वतंत्र सूत्र अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात आहे. अर्थात व्याकरणकाराच्या काळीच 'कत्तृण' हा शब्द निंदेतून बाहेर पडून एका विशिष्ट गवताचे नाव झाला होता. पुढे निघंटुकारांनी त्याला औषधी द्रव्यांत स्थान दिले आणि आज तो सुगंधी गवतांच्या याच कुळाशी जोडला जातो. गुरांच्या दृष्टीने टाकाऊ आणि माणसांच्या दृष्टीने सुगंधी, हा विरोध या गवताच्या स्वभावातच आहे. तो कोशाने नोंदवला. पुढच्या काळात यातली एकच बाजू दफ्तरात उरली, हे आपण पाहणार आहोत.

ओढ्याकाठची भट्टी

तेल काढण्याच्या रीतीचे सविस्तर वर्णन १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये सापडते. खानदेश, निमाड, बैतूल आणि वऱ्हाड हा सातपुड्याच्या दोन्ही अंगांचा सलग पट्टा या धंद्याचा होता. वऱ्हाडात त्याचे क्षेत्र म्हणजे एलिचपूर, आजचे अचलपूर, आणि त्याच्या पाठीशी असलेला डोंगर.

पावसाळा सरता सरता, गवत तुऱ्यावर येऊन पिकू लागले की काम सुरू होई. जेथे सरपण आणि वाहते पाणी दोन्ही जवळ मिळेल अशा ओढ्याच्या काठी खड्डा खणून त्यावर चूल मांडीत. चुलीवर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई; तीत थोडे पाणी घालून कापलेले गवत काठोकाठ भरायचे. वर धातूचे झाकण बसवून त्याची सांध गव्हाच्या कणकेने लिंपायची. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे; तिला कापड गुंडाळून, कणीक थापून, दोरीने आवळलेले असे. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात. गवतातून निघालेली वाफ तेथे गार होऊन तिचे पाणी होई आणि पाण्यावर तेल तरंगे. शंभर किलो ओल्या गवतामागे तेल अर्ध्या किलोच्या आतबाहेर. उकळून निघालेला चोथा वाळवून पुन्हा चुलीत जाई.

त्याच गॅझेटियरनुसार खानदेशात भट्टी लावणारे मुसलमान होते आणि त्यांना गवत पुरवणारे भिल्ल. मेळघाटच्या ज्या डोंगरात हे गवत वाढते तो कोरकूंचा मुलूख. या तपशिलाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. ज्यांना या गवताची खडानखडा माहिती होती त्यांच्यापैकी कोणाचीही घरची भाषा पुण्या-मुंबईची प्रमाण मराठी नव्हती. भट्टीच्या प्रत्येक भागाला, तेलाच्या प्रत्येक प्रतीला, गवताच्या प्रत्येक अवस्थेला त्यांच्याकडे शब्द असणार. ते शब्द कोरकूत, भिलीत, दख्खनीत आणि वऱ्हाडीत बोलले गेले आणि धंद्याबरोबर विरले. इंग्रज अधिकाऱ्याने कढईचे माप लिहून ठेवले, पण कढईभोवतीचे बोलणे कोणीच लिहिले नाही.

गुलाबाची चोरवाट

हे तेल मुंबई बंदरात येई. तेथून तांबड्या समुद्रावरच्या जेद्दासारख्या बंदरांतून ते कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोहोचे. तुर्की बाजारात त्याचे नाव 'इद्रिस यागी'. बल्गेरियातील कझानलिकचे गुलाब तेव्हा जगप्रसिद्ध होते आणि १८७८ पर्यंत तो सारा प्रदेश उस्मानी साम्राज्यात होता. गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी रोशाच्या तेलासारखा दुसरा पदार्थ नव्हता. आधी ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवीत, म्हणजे रंग फिका आणि वास सौम्य होई. मग गुलाबाच्या पाकळ्यांवरच ते शिंपडून दोन्हीचा अर्क एकत्र काढीत. फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या औषधिद्रव्यांवरील ग्रंथात ही सारी हकिकत आली आहे.

गंमत अशी की पश्चिम युरोपला हे तेल कॉन्स्टँटिनोपलहून मिळत असल्यामुळे तेथील व्यापाऱ्यांनी त्याचे नाव 'तुर्की जिरेनियम तेल' असे ठेवले. हे तेल तुर्की नव्हते आणि जिरेनियम या फुलझाडाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. वास थोडा जुळत होता, एवढेच. पण बाजारात नाव रूढ झाले. पुढे १८७१ साली याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून त्याचे मुख्य सुगंधी द्रव्य वेगळे केले. तेलाचे बाजारी नाव जिरेनियमचे, म्हणून त्याने द्रव्याला नाव दिले 'जिरॅनिऑल'. खऱ्या गुलाबातही हेच द्रव्य असते. भेसळ पकडणे कठीण जाई ते याचमुळे. आज जगभर साबणात, अत्तरात, डास पळवणाऱ्या मलमात जिरॅनिऑल वापरले जाते. रसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते आहे, आणि त्याचे नाव मात्र ज्या झाडात ते प्रथम सापडलेच नव्हते त्या झाडाचे आहे. भाषाविज्ञानात आपण लोकव्युत्पत्तीची उदाहरणे देतो. ही बाजारव्युत्पत्ती म्हणावी लागेल. ती चूक होती हे सर्वांना ठाऊक झाल्यावरही शब्द तसाच राहिला.

सेनापतीचे गवत

वनस्पतिशास्त्रातील नामकरणाची कथा याहून फारशी वेगळी नाही. क्लॉड मार्टिन हा फ्रेंच वंशाचा, कंपनीच्या नोकरीतला लष्करी अधिकारी. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत असताना त्याने बालाघाटाच्या पठारावरून या गवताचे बी गोळा केले. (हा बालाघाट कर्नाटकाकडचा, वऱ्हाडचा नव्हे.) जनावरे त्याचा वास उग्र असूनही ते आवडीने खातात असे पाहून त्याने बी लखनौला पेरले आणि तेथून ते विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे गेले. रॉक्सबर्ग यांनी गवताला सेनापतीचे नाव दिले. पुढे ऑटो स्टाफ यांनी १९०६ साली क्यू येथील पत्रिकेत भारत आणि सिलोनमधील तैलतृणांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि गोंधळलेली ओळख निश्चित केली. आजचे मान्य नाव 'सिंबोपोगॉन मार्टिनी' असे आहे. पहिला शब्द ग्रीक : नाव आणि दाढी या दोन शब्दांचा समास. दुसरा शब्द म्हणजे तो सेनापती.

मध्यंतरी या गवताच्या वाट्याला याहूनही मोठा मान येऊ घातला होता. रोमन आणि ग्रीक लेखक ज्या मौल्यवान भारतीय सुगंधाला 'नार्द' म्हणत तो कोणता, यावर युरोपात मोठा वाद होता. चार्ल्स हॅचेट यांनी १८३६ मध्ये असा पक्ष मांडला की तो म्हणजे निमाडकडच्या या गवताचेच तेल. विल्यम जोन्स यांनी आधी मांडलेला आणि रॉयल यांनी पुढे नेलेला जटामांसीचा पक्ष अखेर सरस ठरला. नार्द हिमालयाकडे गेला आणि सातपुड्याच्या गवताचा पुराणातला दावा तेथेच संपला.

'पडीक' या शब्दाचा पराक्रम

आतापर्यंत पाहिलेल्या नावांनी गवताची ओळख बदलली, पण जमीन बदलली नाही. जमीन बदलली ती महसूल दफ्तरातील एका शब्दाने.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला अपूर्व भाव चढला, आणि १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून पार नागपूरपर्यंत पोहोचली. शेतसाऱ्याच्या दृष्टीने जमिनीचे दोनच अर्थ उरले : वहीत आणि पडीक. जिच्यात नांगर चालतो ती वहीत. उरलेली सारी पडीक, म्हणजे वहितीखाली यावयाची राहिलेली. गवताचा माळ ही स्वतंत्र, पूर्ण, स्वतःच्या कामात गुंतलेली जमीन असू शकते ही कल्पना या द्विभाजनात बसत नव्हती. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर १९९७ मध्ये, तसेच मध्य भारतातील गुरे आणि पर्यावरण यांवर २००४ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथांत कापसाच्या विस्तारात चराऊ जमिनी कशा आकसल्या याची विस्ताराने मांडणी केली आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसांबरोबर गुरेही मोठ्या संख्येने दगावली. जेथे गवताच्या गंज्या लागायच्या तेथे पऱ्हाटी उभी होती, आणि पऱ्हाटीने बैल जगत नाही.

डोंगराकडच्या जमिनी वनखात्याकडे गेल्या. वऱ्हाडातील सरकारी जंगलांचे तीन वर्ग केले गेले : इमारती लाकूड आणि सरपण यांचा एक, चाऱ्याच्या गवताचा दुसरा आणि चराईचा तिसरा. वर्गीकरणाची ही इंग्रजी अक्षरे इतकी खोल रुजली की अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही गावी आजही गायरानाला 'ई-क्लास' म्हणतात. म्हातारी माणसेदेखील 'ढोरं ई-क्लासात गेली' असे सहज बोलतात. कुरण, रमणा, बीड, गायरान, आखर असे भरघोस शब्द असलेल्या बोलीने दफ्तरातले एक अक्षर उचलावे आणि आपले शब्द खाली ठेवावेत, हे भाषिक परिवर्तन साधे नाही. 'कुरण' म्हटले की गवत दिसते. 'ई-क्लास' म्हटले की काहीच दिसत नाही. दिसते ती रिकामी जागा. आणि रिकाम्या जागेवर अतिक्रमण करणे, घरकुले बांधणे, कचरा टाकणे किंवा रोपवन लावणे यांत कोणालाच काही वावगे वाटत नाही.

कत्तृण आणि सौगंधिक या जुन्या जोडीपैकी कत्तृण तेवढे उरले, ते असे.

जे उरले आहे

रोशाच्या धंद्याची उतरण एका कारणाने झाली नाही. तेलात रॉकेल आणि टर्पेंटाइन मिसळण्याची खोड जुनीच होती; गुलाबाच्या भेसळीवर वाढलेला धंदा स्वतःच्या भेसळीने बदनाम झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्पेंटाइनपासूनच कृत्रिम जिरॅनिऑल स्वस्तात तयार होऊ लागले. मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आल्यावर जंगलाच्या वापराचे नियमही बदलले. आता रोशाचे तेल मुख्यतः लागवडीच्या गवतापासून मिळते. त्यासाठी लखनौच्या औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने सुधारित वाण काढले. त्यांतील दोघांची नावे 'तृष्णा' आणि 'तृप्ता'. सेनापती मार्टिनच्या त्याच लखनौत या गवताचे पुन्हा एकदा बारसे झाले. नावे सुंदर आहेत, यात शंका नाही. वऱ्हाडात मात्र सांधेदुखीवर चोळायचे तेल म्हणून जुन्या घरांत त्याची ओळख रेंगाळत आहे.

माळांचे काय झाले? एम. डी. मधुसूदन आणि अबि तमीम वनक यांनी अलीकडे देशातील निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला, तेव्हा त्यांतील फार मोठा भाग सरकारी नोंदींत 'पडीक जमीन' म्हणूनच दाखवला असल्याचे दिसून आले. म्हणजे शब्द अद्याप आपले काम करीतच आहे. दुसऱ्या बाजूला, अकोला आणि वाशीम जिल्ह्यांच्या माळांवर तणमोर या अतिशय दुर्मीळ पक्ष्याच्या विणीच्या नोंदी आहेत. त्याचे नावच तणावरून पडले आहे; तण गेले तर मोर राहणार नाही. तो कोठे उतरतो, कोणत्या गवतात अंडी घालतो हे फासेपारध्यांइतके कोणालाही ठाऊक नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या प्रकारच्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांच्यापैकी हा एक. गेल्या काही वर्षांत 'संवेदना' या संस्थेबरोबर याच समाजातील लोकांनी काही गावांची गवताळ राने राखली आहेत. ज्या माणसांना 'गुन्हेगार' आणि ज्या जमिनीला 'पडीक' म्हटले गेले, त्यांनी एकमेकांना सांभाळले, असे याचे वर्णन करता येईल.

मराठीच्या अध्यापकांनी या साऱ्यात काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. गवत राखणे हे आमचे काम नाही. शब्द राखणे हे आहे. बोलीचा शब्दसंग्रह करताना आपण म्हणी, नातेवाचक शब्द आणि शिव्या आवडीने गोळा करतो. सणांची आणि दागिन्यांची नावे आठवणीने विचारतो. गवतांची नावे विचारीत नाही, कारण 'गवत' हे एकच नाव आपल्याला पुरते. ज्याला चार ढोरे जगवायची असतात त्याला ते पुरत नाही. कोणते कोवळे असताना चालते, कोणते दूध आटवते, कोणते छपराला टिकते, कोणत्याचे कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरते, हे त्याला नावानिशी सांगता येते. ढोरकी, गवळी, कोरकू मजूर, फासेपारधी यांच्याकडे बसून ही नावे अर्थासह, जागेसह आणि ऋतूसह टिपून घेणे हा एम. ए. च्या एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा उत्तम विषय आहे आणि त्याला आता फार उशीर करून चालणार नाही.

अशा यादीचा उपयोग काय, तर एवढाच, की ज्या माळावरील बारा गवतांची बारा नावे लिहून ठेवली आहेत, त्या माळाला 'पडीक' म्हणताना लिहिणाऱ्याची लेखणी क्षणभर तरी अडखळेल.